बाटलींतलें शहाणपण

मूल शहाणें व्हावें म्हणून त्याला कांहीं तरी चाटवावें, पाजावें, ही इच्छा आजची नव्हे. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून बाळगुटी देण्याची चाल आपल्या घराघरांत होती. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायांत तर सोनें उगाळून, मधतुपांत कालवून बाळास चाटविण्याचा विधिच सांगितला आहे. मेधा, अग्नि, बल, आयुष्य अशीं त्याचीं फळें तेथें मोजलीं आहेत. त्या फळांत मेधा आहे, पण शील नाहीं, ही गोष्ट माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तराच्या ध्यानांत राहते. मेधा म्हणजे धारणाशक्ति. शील म्हणजे वागणूक. दोन्ही एकाच चमच्यानें पाजतां येतील, अशी आशा मात्र आपल्या काळानें धरली आहे.

आज सहाण गेली आणि फळीवर बाटल्या आल्या. कोणावर एकाग्रता लिहिलेली असते, कोणावर स्मरणशक्ति, तर कोणावर शांत झोंप. मूल वर्गांत स्थिर बसत नाहीं, उलट उत्तर करतें, धाकट्या भावंडास मारतें, पाढे म्हणावयास सांगितले कीं रडतें, अशी तक्रार आली म्हणजे पूर्वीं छडी निघे. आतां बाटली निघते. छडी गेली हें फार चांगलें झालें. परंतु मुलाकडे फार वेळ न पाहतां तें लवकर सुधारावें, ही जी घाई छडीच्या मागें असे, तीच कित्येकदां बाटलीच्याही मागें असते. त्या घाईविषयीं आज चार शब्द लिहावे असें मनांत आहे.

मी वैद्य नव्हें कीं डॉक्टर नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पाठशाळेंत व्याकरण घोकलेला आणि आयुष्याचीं बहुतेक वर्षें मुलांत काढलेला एक निवृत्त शिक्षक आहें. माझा एक जुना विद्यार्थी आज मुलांचा डॉक्टर आहे. त्यानें ह्या विषयावरील कांहीं इंग्रजी निबंध मजजवळ बसून समजावून दिले. पुढील मजकुरांतील शास्त्र त्याच्याकडून आलेलें व घरगुती निरीक्षण माझें, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम बाटलीची योग्यता सांगतों. ती नाकारणें अन्यायाचें होईल. जेथें खरोखर उणीव असते, तेथें ती भरून काढणाऱ्या पदार्थाचा गुण पाहून माणसानें थक्क व्हावें. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईंत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना त्या काळीं एक प्रकारचा भयंकर पांडुरोग होई. बाईंनीं शोध करून दाखविलें कीं, यीस्टचा अर्क पोटांत गेला म्हणजे ह्या स्त्रिया झपाट्यानें सुधारतात. त्यांचा निबंध १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे आपण आज ज्यास फोलिक ॲसिड म्हणतों तें, हें पुढच्या दशकांत उलगडलें. तसेंच कांग्रा खोऱ्यांत १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं मिठांत आयोडीन मिसळून गलगंड हटतो हें सिद्ध केलें. आयोडीनाच्या अभावीं नुसता गळाच सुजत नाहीं, बुद्धीही मंद होते. तेव्हां चिमूटभर द्रव्यानें माणसाचें भाग्य पालटतें, हें कांहीं थोतांड नव्हे.

आतां वागणुकीकडे येऊं. शरीरांतील लोह कमी झालें म्हणजे मूल फिकट दिसतें, एवढें आपल्यास ठाऊक असतें. पण मेंदूलाही आपल्या कामासाठीं लोह लागतें. तें कमी पडलें कीं मूल लवकर थकतें, चिडचिड करतें, त्याचें लक्ष टिकत नाहीं, झोंपेंत तें तळमळतें. वर्गाच्या टेबलामागून पाहणाऱ्या मास्तरास असें मूल आळशी दिसतें आणि घरच्यांस हट्टी. कोस्टा रिका देशांत बेट्सी लोझॉफ ह्या विदुषींनीं तान्हेपणीं लोहाची दीर्घ व तीव्र उणीव असलेल्या बालकांचा पुढें पाठपुरावा केला. उपचारानें ती उणीव भरून निघाल्यावरही, दहा वर्षांहून अधिक काळानें, त्यांच्यांत अवधानाच्या व मनाच्या अडचणी इतर मुलांपेक्षां अधिक आढळल्या, असें त्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या देशांतील २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयाच्या बालकांपैकीं शेंकडा ६७.१ बालकांच्या अंगांत रक्त कमी असल्याचें दिसून आलें. हें केवळ गरिबांच्या झोपडींतलें चित्र आहे अशी आपण समजूत करून घेऊं नये.

शाकाहारी घरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथें ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ मातांत आढळली. हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत नसतें. शाकाहारी माणसास तें मुख्यतः दूध, दहीं, ताक यांतून मिळतें. गरोदरपणीं ज्या मातांच्या रक्तांत तें फारच कमी होतें, त्यांचीं मुलें नऊ वर्षांचीं झाल्यावर लक्ष व स्मरण यांच्या कांहीं चांचण्यांत मागें पडलीं, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत आहे. ताकाचा पेला साधा वाटतो, पण त्याचा हिशेब असा दूरवर जातो.

येथवर बाटलीची बाजू झाली. प्रश्न पुढेंच आहे. उणीव असतां जें द्रव्य गुण देतें, तें उणीव नसतां शहाणपण देईल काय? ह्या प्रश्नाची पारख विलायतेंत अधिक झाली आहे, म्हणून तिकडचे दाखले घेतों. ती करण्याची रीत अशी, कीं निम्म्या मुलांस खरें औषध द्यावयाचें, निम्म्यांस तसेंच दिसणारें पण निर्गुण असें द्यावयाचें, आणि कोणास काय मिळालें हें मुलांस, पालकांस व मोजणारांस शेवटपर्यंत कळूं द्यावयाचें नाहीं. २००५ सालीं इंग्लंडांतील डरॅम परगण्यांत हातापायांच्या हालचालींत अवघडलेपण असलेल्या ११७ मुलांवर माशाच्या तेलाचा असा प्रयोग झाला. हालचाली सुधारल्या नाहींत. पण वाचन, शब्दलेखन व वर्तणूक सुधारली. मोठी आशा उत्पन्न झाली. २०१२ सालीं ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं वाचनांत मागें असलेल्या ३६२ मुलांस समुद्रांतील शेवाळापासून काढलेलें तसलेंच तेल दिलें. ह्या वेळीं एकंदर मुलांत वाचनाचा फरक पडला नाहीं; फक्त अगदीं मागें असलेल्यांत कांहींसा दिसला. वर्तणुकींत पालकांस सुधारणा वाटली, शिक्षकांस फारशी वाटली नाहीं. तेव्हां तोच प्रयोग त्यांनीं पुन्हां ३७६ मुलांवर केला व २०१८ सालीं निष्कर्ष छापला: फरक नाहीं. आपलाच आशेचा दिवा आपणच पुन्हां तपासून तो विझला असें सांगणें, ह्यास मी विद्वत्तेचें शील म्हणतों.

तुरुंगांतील तरुणांवरही असे प्रयोग झाले आहेत. २००२ सालीं इंग्लंडांत २३१ तरुण कैद्यांपैकीं ज्यांस जीवनसत्त्वें, क्षार व स्निग्धाम्लें मिळालीं, त्यांच्या हातून शिस्तभंगाचे गुन्हे सुमारें शेंकडा २६ नीं कमी घडले. २०१० सालीं हॉलंडांत २२१ कैद्यांवर तसाच प्रयोग झाला. तेथेंही नोंदलेले प्रसंग कमी झाले, परंतु त्यांच्या स्वभावांतील आक्रमकपणा प्रश्नावलीनें मोजला असतां त्यांत फरक दिसला नाहीं. म्हणजे पोषणाचा वागणुकीशीं कांहीं संबंध आहे. पण निकृष्ट अन्न खाणाऱ्या कैद्यांवरून आपल्या घरीं वरणभात, तूप, दूध खाणाऱ्या मुलाचें अनुमान काढणें तर्काला धरून होणार नाहीं. शिवाय जास्त दिल्यानें जास्त गुण येतो असेंही नाहीं. १९८४ सालीं कॅनडांत चंचल मुलांस जीवनसत्त्वांच्या फार मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या. मुलें सुधारलीं तर नाहींतच. त्यांचा दंगा उलट वाढला, आणि कित्येकांच्या यकृतावर ताण पडल्याचें रक्ततपासणींत दिसलें.

मला सर्वांत विचार करावयास लावणारा प्रयोग औषधाचा नव्हेच; तो आयांचा आहे. गोड खाल्लें कीं मुलें उधळतात, हा समज अमेरिकेंत फार दृढ आहे व आतां तो आपल्याकडेही आला आहे. १९९५ सालीं अशा २३ प्रयोगांचा एकत्र विचार झाला, तेव्हां साखरेनें मुलांचें वर्तन बिघडतें असें सिद्ध झालें नाहीं. त्याच्या आदल्याच वर्षीं हूव्हर व मिलिच ह्या दोघां संशोधकांनीं पांच ते सात वर्षांच्या ३५ मुलग्यांस त्यांच्या आयांसह बोलाविलें. साखर आपल्या मुलास बाधते, असें ह्या आयांचें म्हणणें होतें. प्रत्येक मुलास साखर नसलेलें गोड पेयच दिलें. पण निम्म्या आयांस मात्र, तुमच्या मुलाच्या पोटांत पुष्कळ साखर गेली आहे, असें सांगितलें. ह्या आयांनीं आपलीं मुलें अधिक चंचल झालीं असें लिहून दिलें. इतकेंच नव्हे, त्या मुलांच्या अधिक जवळ जवळ राहिल्या आणि त्यांच्यावर अधिक टीका करण्याकडे त्यांचा कल दिसला. मुलांच्या पोटांत कांहींच वेगळें गेलें नव्हतें. वेगळें गेलें होतें तें आयांच्या कानांत.

ह्याचें प्रत्यंतर मीं घरींच पाहिलें. आमचें कुटुंब एकत्र आहे. स्वयंपाकघर एक, आणि त्यामुळें औषधांची फळीही एक. माझ्या धाकट्या भावाचा नातू आठ वर्षांचा आहे. त्यास येथें बाळू म्हणूं. शाळेंतून चिठ्ठी आली कीं तो जागेवर बसत नाहीं व चिडतो. मग प्रत्येकाच्या मायेला एकेक बाटली फुटली. त्याच्या आईनें माशाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. त्या कशाच्या आहेत हें आजीस कळूं नये म्हणून त्या कपाटाच्या मागच्या खणांत ठेविल्या. आजी दर पुष्यनक्षत्रास त्यास सुवर्णप्राशनाचे थेंब देववी. काकूनें दुधांत घालण्याची चॉकलेटी पूड आणली. परदेशांतील आत्यानें जीवनसत्त्वांच्या चघळण्याच्या रंगीत गोळ्या धाडल्या. घरांत त्याच्यावर प्रेम न करणारें कोणी नव्हतें.

परंतु त्या दिवसापासून बाळूकडे पाहण्याची सर्वांची नजर बदलली. तो शांत बसला कीं जो तो त्याचें श्रेय आपल्या बाटलीला देई. दांडगाई केली कीं दोष बाळूचा. एके संध्याकाळीं सूनबाई मजजवळ येऊन म्हणाली, "अण्णा, आज तो तासभर चित्रें काढीत बसला. नव्या गोळ्यांचा गुण दिसूं लागला म्हणायचा."

मीं म्हटलें, "सूनबाई, आज शाळा लवकर सुटली, आणि दुपारीं तो दोन तास गाढ झोंपला होता. तेंही हिशेबांत धर म्हणजे झालें."

ती हंसली, पण मनांत खट्टू झाली हें मला दिसलें. त्याच आठवड्यांत बाळूनें चुलतबहिणीला ढकललें व तिचें ढोपर फुटलें. मीं त्यास जवळ घेऊन विचारलें, "असें कां केलेंस?" तो तत्काळ म्हणाला, "आजोबा, आज माझी गोळी राहिली होती."

हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. त्या मुलाचा कावेबाजपणा त्यांत नव्हता. घरांत जें तो रोज ऐके तेंच त्यानें निष्ठेनें सांगितलें. त्याचें चांगलें वागणें गोळीचें होतें, वाईट वागणें गोळी राहिल्याचें होतें. त्याचें स्वतःचें असें कांहीं उरलेंच नव्हतें. शिक्षकाच्या व्यवसायांत मीं अनेक द्वाड मुलें पाहिलीं, परंतु आपल्या हातून चांगलें घडूं शकतें ही खात्रीच गमावलेल्या मुलाइतकें दुसऱ्या कोणाचें मला भय वाटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यास माझ्या त्या विद्यार्थ्याकडे नेलें. त्यानें फळीवरच्या सर्व बाटल्या बरोबर आणावयास सांगितल्या होत्या. तीन प्रश्न विचारले: हा जेवतो काय, झोंपतो केव्हां, आणि रक्त तपासलें आहे काय? बाळू दिवसांतून तीन मोठे पेले पूड घातलेलें दूध पीत असे, म्हणून जेवणास त्यास भूक नसे. रात्रीं अकरापर्यंत तो मोबाईल पाही. आणि रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन कमी निघालें. शरीरांतील लोहाचा सांठा तर फारच उतरला होता. दुधांत लोह अल्प असतें, आणि तें इतर अन्नांतील लोहाच्या शोषणासही आड येतें. चार बाटल्यांच्या गर्दींत जी एक उणीव खरी होती ती कोणाच्याच दृष्टीस पडली नव्हती.

चारही बाटल्या बंद झाल्या. त्यांच्या जागीं मोजून दिलेलें लोहाचें एकच औषध आलें, दूध एका पेल्यावर आलें, नऊ वाजतां दिवा मालवूं लागला. आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाळूच्या देखत त्याच्या वागण्याची औषधाशीं सांगड घालणें आम्हीं सर्वांनीं सोडलें. तीन महिन्यांनीं त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, रात्रीं पाय झाडणें थांबलें, कारण नसतां रडणें पुष्कळ कमी झालें. ह्यांत लोहाचें किती, झोंपेचें किती, आणि आठ डोळ्यांच्या पहाऱ्यांतून सुटल्याचें किती, हें मी सांगूं शकत नाहीं. एका मुलावरून सिद्धान्त होत नाहीं. गणिताच्या तासाला तो अजूनही चुळबुळ करतो. त्यासाठीं त्याच्या शिक्षिकेनें त्यास पुढच्या बाकावर घेतलें आहे व उदाहरणें थोडीं थोडीं देण्याचें ठरविलें आहे. परवां त्यानें बहिणीची पेन्सिल मोडली आणि आपण होऊन येऊन सांगितलें, "माझ्याकडून मोडली." घरांत कोणी बाटलीचें नांव काढलें नाहीं.

सुज्ञ वाचकांपुढें आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी मांडतों. मुलाचें वागणें बदललें असेल तर आधीं त्याचें जेवण, झोंप, डोळे, कान, शाळेंतील छळ आणि घरांतील भांडणें पाहावीं; मग रक्त तपासावें; मग डॉक्टर सांगतील तेवढेंच द्यावें. लोहाचें औषध जेवणानंतरच्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर देऊं नये. लिंबू, आवळा, पेरू यांच्या संगतीनें अन्नांतलें लोह अंगीं अधिक लागतें. कडधान्यें भिजवून मोड आणून खावीं. सरकारी योजनेप्रमाणें ५ ते ९ वर्षांच्या मुलांस गुलाबी व १० ते १९ वर्षांच्या मुलांस निळी लोहाची गोळी आठवड्यांतून एकदां दिली जाते. ती मुलें खरोखर घेतात कीं दप्तरांत ठेवितात, हें विचारावें. लोहाच्या गोळ्या मात्र कुलुपांत ठेवाव्या. लहान मुलानें खाऊ समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततें. अ आणि ड हीं जीवनसत्त्वेंही शरीरांत सांठतात व अति झालीं तर अपाय करतात. एक वर्षाच्या आंतील बाळास मध चाटवूं नये, असें आजचे डॉक्टर निक्षून सांगतात. चाटणें देणाऱ्या आज्यांनीं हें अवश्य ऐकावें.

आणखी दोन गोष्टी. रंगीत खाऊ व पेयें यांविषयीं २००७ सालीं इंग्लंडांत तीन वर्षांच्या १५३ व आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग झाला. कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणानें चंचलपणा थोडा वाढलेला आढळला. २०१० पासून युरोपांत अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. जीवनसत्त्वाची गोळीही रंगीत असूं शकते, हें वेष्टण वाचल्यावांचून कळत नाहीं. तसेंच १० एप्रिल २०२४ रोजीं केंद्र सरकारनें विक्रीच्या संकेतस्थळांस सूचना दिली कीं, दुधांत मिसळण्याच्या पुडी व तत्सम पेयें आरोग्यपेय ह्या सदराखालीं दाखवूं नयेत; कारण आपल्या अन्नविषयक कायद्यांत आरोग्यपेय अशी संज्ञाच नाहीं. ज्या शब्दावर विसंबून आपण इतकीं वर्षें पैसे मोजले, त्याला कायद्यांत घर नव्हतें.

आणि कांहीं मुलांचा चंचलपणा खरोखरच एका विकाराचा भाग असतो. त्यास तज्ज्ञांची तपासणी, शिकविण्याची निराळी रीत आणि प्रसंगीं औषधही लागतें. त्यांत लाज बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. अशा मुलाचीं दोन-तीन वर्षें एकामागून एक टॉनिकें पाजण्यांत गेलीं, तर पैशाचें नुकसान भरून येईल, पण तीं वर्षें येणार नाहींत.

पोषण हें मुलाचें देणें आहे. तें आपण पुरतें फेडलें पाहिजे, आणि उणीव असेल तर औषधानेंही फेडलें पाहिजे. पण तें देणें फेडल्यावर, त्याच्या मोबदल्यांत सद्वर्तन मागूं नये. सद्वर्तन मूल शिकतें तें आपल्या घरांतील माणसें एकमेकांशीं कशीं बोलतात हें पाहून, चुकल्यावर सांवरून घेतलें गेल्यानें, आणि आज मीं चांगलें केलें तें मींच केलें, असें त्याला कोणी तरी सांगितल्यानें. हें सांगण्यास एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. ज्यांच्या घरांत आज एखादें द्वाड मूल आहे, त्यांनीं आज रात्रीं फळीवरच्या बाटल्या मोजाव्या, आणि दिवसभरांत त्या मुलाशीं, त्याच्या वागण्याचा विषय न काढतां, आपण किती वाक्यें बोललों तींही मोजावीं. ज्या आंकड्यांत उणीव दिसेल, ती आधीं भरून काढावी.